पहिल्या धारेची

परभणीकडे हौसेनं कोणी जात नाही. वेरूळ बघायला गेलेली माणसं औरंगाबादहून माघारी फिरतात आणि नांदेडला जाणारे परभणी झोपेत ओलांडतात. मीही गेलो तो कामासाठी. काम असं की शेजारीपाजारी माझी आई अजून "मुलगा औषधांच्या कंपनीत आहे" असं सांगते. युद्ध सुरू व्हायच्या आधीच्या हिवाळ्यातले हे चार दिवस, ज्यांनी तो मुलूख पाहिलेला नाही त्यांच्यासाठी लिहून ठेवतो आहे. त्यात माझी शोभा झाली आहे, तीही ठेवतो.

आधी कामाचं सांगतो. मुंबईत विलायती दारू आणणाऱ्या एका पेढीत मी वास घेतो. पिंपं बोटीतून येतात, त्यांतली दारू काढायची, पाणी घालून ठरलेल्या जोराला आणायची आणि बाटल्या भरायच्या. कुठल्या पिंपातलं किती आणि कशात मिसळायचं हे माझ्या नाकावर ठरतं. तोंडात घेतो ते थुंकून टाकतो. त्या हिवाळ्यापर्यंत इतक्या वर्षांत घोटभरही गिळलेलं नव्हतं, यावर आईसुद्धा विश्वास ठेवत नाही.

त्या पिंपांत दरवर्षी एक पिंप स्कॉटलंडजवळच्या एका बेटावरचं असतं. पहिल्यांदा हुंगलं तेव्हा मी बूच परत ठोकून दिलं होतं. दवाखान्यातली आयोडीनची बाटली फुटावी तसा वास, त्यामागे डांबर, त्यामागे ओलं सुंभ. पण मी वेंगुर्ल्याचा. दुसऱ्यांदा नाक नेलं आणि बंदरावर जाऊन उभा राहिलो. होड्यांना चोपडायचं तेल, वाळत घातलेले बांगडे, खारा वारा आणि डोंगरउतारावर पेरणीआधी पालापाचोळा जाळून जमीन भाजतात त्या भाजावळीचा धूर. या सगळ्याच्या तळाशी काकवीसारखं काहीतरी गोड. पिंपातून काढली तशी तोंडात घेतली तर जीभ आधी बधिर होते, मग जळते, आणि चव लागतच नाही. चमचाभर पाणी घातलं की ती उघडते. धूर बाजूला सरतो, भाजलेल्या धान्याचा गोडवा पुढे येतो, आणि पाणी चांगलं गार असेल तर पेल्यात पुसट धुकं धरतं.

गोदावरीवर नव्या पुलाची पाहणी करणारा रेल्वेचा एक साहेब नेमका त्या बेटावरचा निघाला. पालमच्या बाजूला नदीकाठी त्याची छावणी होती. त्यानं पेढीला लिहिलं, एक बरणी पाठवा, पण पाणी घालू नका, पाणी मी माझ्या हातानं घालीन. मागच्या वर्षी पाठवलेली बरणी रेल्वेनं अर्धी करून पोचवली होती. म्हणून या खेपेला मालकांनी बरणीबरोबर मला धाडलं.

बरणी दगडी, आपण लोणचं भरतो तसली. तिच्यावर मालाचं नाव सांगणारी चिठ्ठी नव्हती, कारण आमच्या छापील चिठ्ठ्या पाणी घातलेल्या मालाच्या. बिनपाण्याच्या मालासाठी पेढीत चिठ्ठीच नव्हती. हाती लिहून एक लावावी एवढंही मला सुचलं नाही.

निजामाच्या हद्दीत शिरताना करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, माणूस डब्यात चढला. त्यानं बूच हुंगलं, तोंड वेडंवाकडं केलं आणि विचारलं, "दवा?" मला गाडी सुटायची घाई, त्याला पुढच्या डब्याची. मी मान डोलावली. त्यानं पावती फाडली: दवा, एक बरणी. सगळं रामायण त्या मान डोलावण्यातून झालं.

पिंगळी

पिंगळी परभणीच्या पुढचं लहानसं स्टेशन. मला न्यायला मन्मथअप्पा स्वतः आले होते. अप्पा कापसाचे आणि शेंगांचे व्यापारी. त्यांचा मुंबईतला अडत्या माझा शेजारी, त्याच्या ओळखीनं मी उतरणार होतो. त्यांचं उत्तराचं पत्र मला मुंबईतच आलं होतं, कोरीव अक्षरात आणि अगदी ग्रंथी भाषेत: "आम्ही आपली प्रतीक्षा करीत आहोत." मी एखादे भारदस्त शास्त्रीबुवा डोळ्यांसमोर आणले होते. प्रत्यक्षात सडपातळ, कपाळाला भस्म, धोतरावर कोट घातलेले गृहस्थ पुढे आले आणि म्हणाले, "लय वाट पाह्यलो बघा तुमची."

घर लिंगायताचं. तिथं मांसमच्छीचं नाव नाही आणि दारूचा तर शब्दही उंबऱ्याच्या आत येत नाही. हे मला अडत्यानं बजावून ठेवलं होतं आणि मी ते सोयीनं विसरलो होतो. अप्पांच्या पत्नीला सगळे आक्का म्हणत. माझं सामान आत येताच त्यांनी पदर नाकाला लावला आणि विचारलं, हा दवाखान्याचा वास कशाचा. आता माझ्या जिभेला सवय झाली होती. म्हणालो, औषध आहे, पालमच्या साहेबासाठी. आक्कांचा चेहरा उजळला. त्यांचे गुडघे दुखत होते, साहेबाचं झाल्यावर थोडं उरलं तर द्याल का म्हणाल्या. मी हो म्हणालो. माणूस एकदा हो म्हणायला लागला की थांबत नाही.

जेवायला ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि घट्ट दही. भाकरी वर्तमानपत्राएवढी आणि जवळजवळ तेवढीच पातळ. मी ताटात भात शोधत होतो हे आक्कांच्या ध्यानात आलं. भात आमच्याकडं आजाऱ्याला देतेत, म्हणाल्या, तुमी आजारी हायेत का? आमच्याकडे आजाऱ्याला पेज देतात, आणि धडधाकटालाही तीच देतात, हे सांगितल्यावर त्या बराच वेळ हसल्या.

अप्पा जेवणाआधी पूजेला बसले. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन, डोळे मिटून. ही पूजा झाल्याशिवाय ते पाण्याचा थेंब घेत नाहीत. त्यांची आणखी एक सवय तेव्हाच लक्षात आली. कुठल्याही गोष्टीची खात्री देताना त्यांचा उजवा हात आपोआप छातीवरच्या लिंगावर जाई. कापसाचा भाव सांगताना हात खाली. गाडीवान मारोतीबद्दल बोलताना मात्र हात वर गेला. मारोती पूर्वी वाईट नादात होता, म्हणाले. चोरून भट्टी लावायचा, बापाचाच धंदा तो. सहा महिने आत जाऊन आला. मीच ठेवून घेतला. आता पाच वर्सं झाली, माणूस सुधारला. मी मारोतीकडे पाहिलं. पन्नाशीचा, रुंद पंजाचा माणूस अंगणात बैलांना सरकी घालत होता. त्यानं मान वर केली नाही.

गोदावरीच्या अलीकडे

सकाळी उन्हं आल्यावर निघालो. लाल कंधारी बैल, गाडीत पेंढा, पेंढ्यात बरणी. दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि डोक्याएवढी ज्वारी. मी ज्या मुलखातून येतो तिथं वळणामागे काय आहे ते दिसत नाही. इथं सकाळी दिसलेलं झाड दुपारी येतं. एका शेतात माणसं हुरडा भाजत होती. ओळख ना पाळख, पण हाक मारून बसवलं. गोवऱ्यांच्या आरात कणसं खुपसायची, हातावर चोळायची, तिखट मिठाबरोबर तोंडात टाकायची. त्या कोवळ्या दाण्याला असा गोड धुरकट वास होता की मी सवयीनं डोळे मिटले. मारोती माझ्याकडं बघत होता. नाकानं खाता व्हय साहेब, म्हणाला. दिवसभरात तो पहिल्यांदा आपणहून बोलला.

पुढचा रस्ता म्हणजे चाकोऱ्या. गाडी एकदा इतकी उसळली की माझी टोपी बैलाच्या पाठीवर गेली. तेव्हाच बरणीचं बूच हललं असणार. नदीच्या उताराशी, म्हणजे गाड्या पाण्यातून पार होतात तिथं, पोचलो तोवर पेंढा ओला झाला होता आणि गाडीभोवती माझं बेट दरवळत होतं.

उताराशी आबकारीचा नाका होता, म्हणजे दारूच्या बंदोबस्ताचा. एक जमादार आणि दोन शिपाई. जमादारानं हुंगलं, मी पावती पुढे केली. दवा. त्यानं पेंढ्याची काडी बरणीत बुडवली आणि पेटवली. गाडीच्या सावलीत तिच्यावर निळी ज्योत नाचली.

"दवा अशी पेटत असती का?" त्यानं विचारलं.

मग मी खरं सांगितलं. विलायती आहे, मुंबईहून आणली आहे. विलायतीला चिठ्ठी असती, म्हणाला. नाही लावली, म्हणालो. विलायती आम्ही पाह्यलीय, ती एवढी भडकत न्हाई, म्हणाला. आणि इथं मी माझी विद्या पाजळायला गेलो. ही पिंपातून काढली तशीच आहे, हिच्यात पाणी घातलेलं नाही, म्हणून जोर जास्त, बाजारात मिळते ती पाणी घालून उतरवलेली असते. पिंप, जोर, उतरवणं. जमादाराच्या चेहऱ्यावर काहीच उमटेना. मी तेच दुसऱ्यांदा सांगितलं. तेव्हा मारोतीला माझी दया आली. मदत करावी म्हणून, अगदी साध्या सुरात, तो म्हणाला, "साहेब म्हंतेत, पहिल्या धारेची हाय."

भट्टीच्या नळीतून सगळ्यात आधी ठिबकते, सगळ्यात कडक, पाण्याचा थेंब नसलेली, ती पहिल्या धारेची. मारोतीनं माझं बोलणं बरोबर समजून घेतलं होतं, आणि त्याच्याकडे असलेल्या नेमक्या शब्दात ठेवलं होतं. फक्त तो शब्द हातभट्टीचा होता. जमादार हसला आणि त्यानं मारोतीचं नाव विचारलं. नाव ऐकल्यावर तो आणखी हसला.

पालम

अंधार पडायच्या आत आम्ही पालमच्या कचेरीत होतो. गाडी, बैल, बरणी आणि मारोती, सगळं जप्त. आबकारीचे इन्स्पेक्टर हैदराबादकडचे, पांढऱ्या दाढीचे, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला. मारोतीला कोठडीत बसवलं.

मी माझी कहाणी सांगितली. साहेबाचं पत्र? मुंबईत, फायलीत. साहेबाला बोलवा, म्हणालो. शिपाई छावणीवर जाऊन आला. साहेब सिकंदराबादला गेलेला, आठ दिवसांनी येणार. आणि उद्या संध्याकाळी टपालाबरोबर कैद्यासकट कागद परभणीला जायचे. इन्स्पेक्टरांनी एका जुन्या नोंदवहीत बोट ठेवलं. मारोतीचं नाव तिथं होतं. पहिल्या वेळी सहा महिने, म्हणाले, दुसऱ्या वेळी वर्षांची गोष्ट असते. मग त्यांनी पावती माझ्यापुढे ठेवली. तुम्ही सरकारला दवा म्हणून सांगितलंत, आम्हाला शराब म्हणून सांगता. तुमचं कोणतं बोलणं लिहू?

 त्यांनी पुढे सांगितलं की तुमच्यावर माझा रोख नाही. हा माणूस वाकबगार आहे, त्यानं तुम्हाला गाठून तुमच्या नावावर आपला माल काढला असेल. पत्ता लिहून द्या आणि जा. खोटं कशाला बोलू, ते ऐकून मला आधी बरं वाटलं. मुंबईची गाडी किती वाजता असते हेसुद्धा मनात येऊन गेलं. बाहेर पडताना कोठडीवरून जावं लागलं. मारोती गजांपाशी उभा होता. मी काही बोलायच्या आत त्यानं विचारलं, बैलांला पाणी दावलं का कुणी?

मी गेलो नाही. बैलांना पाणी दाखवलं, जवळच्या धर्मशाळेत पथारी टाकली आणि रातोरात पिंगळीकडे निघालेल्या घोडेस्वाराबरोबर निरोप धाडला. निरोपात दारू हा शब्द घालायचा मला धीर झाला नाही. गाडी अडकली आहे, या, एवढंच कळवलं.

दुसरा दिवस, तिथंच

अप्पा दुपारच्या आधी आले, घोड्यावरून, धुळीनं माखलेले. कचेरीच्या ओट्यावर माझ्यासमोर उभे राहिले. त्यांना नाक्यावरच सगळं कळलं होतं. तरी त्यांनी मलाच विचारलं.

"औषध होतं ना ते?"

"नाही," मी म्हणालो.

 ते रागावले असते तर मी माफी तरी मागितली असती. ओट्याच्या टोकाशी जाऊन बसले. शिपायानं पाण्याचा तांब्या आणला तो त्यांनी परत पाठवला. निरोप मिळताच निघाले होते, पूजा झाली नव्हती. ती पूजा ते या ओट्यावर करणार नव्हते, आणि ती होईस्तोवर पाणी घेणार नव्हते. त्यांच्या गाडीतून, त्यांच्या बैलांनी, मी दारू ओढून नेली होती. त्यांच्या घरात एक रात्र ती ठेवली होती. मला तोंड लपवावंसं वाटत होतं.

इन्स्पेक्टर आले. मी हात जोडून म्हणालो, कोणीतरी चाखून बघा, ही इथली नाही हे कळेल. त्यांनी शांतपणे मोजून दाखवलं. मी पाच वक्ताचा नमाजी, मी चाखणार नाही. हे अप्पा तर गळ्यात देव घालून बसले आहेत. शिपायाला दिली तर तो सगळी बरणी चाखेल आणि तुम्ही म्हणाल ते सांगेल. सरकारी दारूचं दुकान चालवणारा कलाल आहे, पण हातभट्टीवाला आत गेला तर त्याचाच फायदा. तुम्ही चाखून थुंकता, आणि तुमचा शब्द त्या पावतीवर आहे. मग या पालमात आहे कोण?

"मारोती आहे," मी म्हणालो.

 शिपाई हसला, इन्स्पेक्टर हसले नाहीत. त्यांनी माझ्यापुढे कागद सरकवला. ही कशाची करतात, कशी करतात, भट्टीला आणि धान्याला काय जाळतात, तुम्हाला माहीत असेल ते सगळं लिहा. मोठ्यानं बोलू नका. मी लिहिलं. त्यांनी घडी घातली, दौतीखाली ठेवली, आणि मारोतीला बाहेर काढवलं.

मारोतीला काय चाललंय ते समजलं तेव्हा तो घाबरला. न्हाई म्हणाला. मी सोडलंय साहेब, मला नका लावू तोंडाला. त्याला वाटलं, तो प्यायला की तोच पुरावा. इन्स्पेक्टरांनी दोनदा समजावलं. शेवटी त्यानं अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी मान हलवली, हो की नाही ते मला कळलं नाही, पण मारोतीला कळलं.

त्यानं पितळी वाटी मागितली, पुसून घेतली. थेंबभर तळहातावर घेऊन दुसऱ्या हातानं चोळला, हात नाकापाशी धरला आणि बराच वेळ नुसता उभा राहिला. मी तीस पिंपांसमोर हेच करतो. मग त्यानं वाटीत बोटभर घेतली, माठातलं गार पाणी हळूहळू सोडलं. वाटीत धुकं धरलं. शिपाई म्हणाला, बघा, फुटली, गढूळ झाली, हातभट्टीचीच हाय. मारोतीनं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. एक घोट घेतला आणि गिळला. त्या खोलीत गिळणारा तो एकटाच.

"मव्हाच्या फुलांची न्हाई," तो म्हणाला. "गुळाचीबी न्हाई. धान्याची हाय. मोड आणलेलं धान्य, मोड आल्यावर भाजलेलं." वाटी परत नाकाशी नेली. "लाकडात लय वर्सं निजलीय."  त्याच्या कपाळावर घाम होता. कारकून लिहीत होता.

धूर कशाचा, इन्स्पेक्टरांनी विचारलं.

मारोतीनं जीभ टाळूला लावली. "धूर दारूला लागला न्हाई, साहेब. धान्याला लागलाय. भट्टी धुरकटली असती तर घशात कडू आली असती, ही गोड उतरायलीय. पण लाकूड न्हाई ते. गोवरीबी न्हाई."  मला वाटलं, संपलं. मग तो संकोचून, चुकीचं बोलतोय असं वाटून म्हणाला, "माती हाय. माती जाळलीय. त्यांच्या गावात झाडं नसतील."

शिपाई पुन्हा हसला.  इन्स्पेक्टरांनी दौतीखालचा कागद कारकुनाला दिला, आणि त्यानं वाचलं: "सातूला मोड आणून भाजतात. बेटावर झाडं नाहीत. दलदलीची काळी माती विटांसारखी कापतात, वाळवतात, आणि तीच जाळून धान्य भाजतात. मग दारू ओक झाडाच्या लाकडाच्या पिंपात दहा-बारा वर्षं ठेवतात."

कारकुनानं शेवटची ओळ दोनदा वाचली. इन्स्पेक्टरांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. इतकं लांबचं गाव, ते म्हणाले, आणि हा जिभेवरून सांगतो. त्यांच्या आवाजात आता कौतुक होतं, आणि तिथंच घात झाला. त्यांनी विचारलं, धुराचं तुला एवढं कसं कळतं?

मारोती सुटल्याच्या आनंदात होता. इतक्या वर्षांत त्याच्या अंगच्या कसबाला कोणी बरं म्हटलं नसेल. छाती काढून म्हणाला, "कळणार न्हाई व्हय साहेब? करपली की आमी ओतून देतो. धुराची आमी कुणाला देत न्हाई."

देतो. देत न्हाई. म्हणजे आजही. कारकुनाची लेखणी थांबली. मारोतीच्या तोंडावरचा रंग उतरला, पण शब्द बाहेर पडला होता. पाच वर्सं झाली, माणूस सुधारला, असं अप्पा छातीवर हात ठेवून म्हणाले होते. मी अप्पांकडे बघायचं टाळलं.

"आमी म्हणजे कोण?" इन्स्पेक्टरांनी हळूच विचारलं.

  ओट्यावरून अप्पा उठले आणि दारात आले. त्यांचा उजवा हात सवयीनं छातीकडे निघाला होता. मी पाहिलं, लिंगाला लागायच्या आत त्यांनी तो मागे घेतला आणि पाठीशी धरला.

"आमी म्हंजे आमी पिंगळीकर, साहेब," अप्पा म्हणाले. "आमच्याकडं बोलायची रीतच हाय. गावात कुणी एकानं केलं तर सगळे आमी म्हंतेत. मीबी म्हंतो. करपली की आमी ओतून देतो."

कपाळावर भस्म, पोटात सकाळपासून पाणी नाही, आणि हा माणूस सरकारी कचेरीत उभा राहून आमी दारू ओतून देतो म्हणत होता.  इन्स्पेक्टरांनी अप्पांच्या पाठीमागे धरलेल्या हाताकडे पाहिलं. त्यांनाही कळलं असेल, मला शंका नाही. लिंगायत माणूस शब्द देताना हात कुठं ठेवतो हे त्या मुलखात नोकरी केलेल्याला माहीत असतं.

कारकुनाकडे वळून ते म्हणाले, "लिखो, लोग फेंक देते हैं."

कारकुनानं लिहिलं. आमीचे लोक झाले आणि मारोती सुटला. मला त्यांनी तसं सोडलं नाही. पावती पुढे केली आणि तिच्या पाठीवर माझ्या हातानं लिहायला लावलं: ही दवा नाही, शराब आहे, मी खोटं सांगितलं होतं. खाली सही. दुसऱ्या कागदाच्या तुकड्यावर दारूचं नाव लिहून तो बरणीला चिकटवायला लावला. हे मुंबईत केलं असतं तर, एवढंच म्हणाले.

परत

बरणी छावणीवर साहेबाच्या स्वयंपाक्याच्या हवाली केली. ती बाटलीभर कमी झाली होती. दुसऱ्या सकाळी आम्ही उताराशी आलो. अप्पा घोड्यावरून उतरले आणि कपड्यांनिशी नदीत शिरले. पहाटेचा गारठा अजून पाण्यावर होता. ते इतका वेळ बुड्या मारत राहिले की मारोती काठावर अस्वस्थ होऊन येरझाऱ्या घालू लागला. मग वाळूवर बसून त्यांनी पूजा केली. आदल्या दिवसाची आणि आजची. पूजा संपल्यावर ओंजळीनं नदीचं पाणी प्यायले.

मी जवळ जाऊन चुकलो म्हणालो. त्यांनी ऐकून घेतलं आणि हातानंच बस म्हणून खूण केली. माझ्यावर बोलण्यासारखं त्यांच्याकडे फारसं नव्हतं, मी चार दिवसांचा पाहुणा. ते मारोतीकडे गेले. तो जू बांधत होता. त्याची मान खाली, पिंगळीच्या अंगणात होती तशीच, आणि आता मला तिचा अर्थ कळत होता.

"मारोती," अप्पा म्हणाले, "ते आमी माझ्या तोंडून गेलंय आता. इथून पुढं तू पेटवलीस तर मी पेटवली."

 मारोती जू तसंच धरून उभा राहिला. अप्पा घोड्यावर बसले आणि पाण्यातून पुढे निघाले. बऱ्याच वेळानं आमची गाडी हलली. पिंगळी येईपर्यंत तो बैलांशीसुद्धा बोलला नाही.

घरी आक्कांनी विचारलं, औषध उरलं का थोडं. मी तोंड उघडलं, आणि या खेपेला खरंच सांगणार होतो. पण अप्पाच आतून म्हणाले, गुडघ्याचं नव्हतं ते औषध. त्यात खोटं काही नव्हतं.

मारोतीनं भट्टी सोडली का, हे मला माहीत नाही, आणि विचारायचा मला अधिकारही नाही. मुंबईला आल्यावर मी त्या पिंपाचं बूच काढलं. माझ्या वासाच्या वहीत त्याच्यापुढे वर्षानुवर्षं एकच ओळ होती: आयोडीन, दोर, धूर, मीठ. माती कागदोपत्री मला ठाऊक होती, वासात ती मी कधी ओळखली नव्हती. त्या दिवशी लिहिली. आणि थुंकायच्या भांड्याकडे न बघता एक घोट गिळला. घसा भाजला, डोळ्यांत पाणी आलं, आणि खूप उशिरा, अगदी शेवटी, मारोती म्हणाला होता तशी ती गोड उतरली.

शिवरात्रीनंतर अप्पांचं कार्ड आलं. तेच कोरीव अक्षर, तीच ग्रंथी भाषा. आपले क्षेमकुशल कळवावे, या वर्षी कापूस उत्तम आहे, आपल्या भगिनी आक्का यांचे गुडघे पूर्ववत आहेत, मारोती आमच्या समीप आहे. सगळं कार्ड असं चोख, आणि शेवटच्या ओळीत एकच शब्द बोलीतला, खोडलेला नाही, दुरुस्त केलेला नाही: "आमी कुशल आहोत."

ते कार्ड मी वासाच्या वहीत, त्या पिंपाच्या पानाशी ठेवलं आहे.